जुना ट्रॅक्टर घेण्यापूर्वी
(मंडळाच्या मेळाव्यातील व्याख्यान)



मी कला शाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. यंत्रातले मला मिस्त्रीइतके कळत नाही. परंतु शेतीकर्जाच्या टेबलावर ट्रॅक्टरचे कागद पुष्कळ हाताळले आणि ट्रॅक्टरपायी जमीन अडकवून बसलेली माणसेही पाहिली. म्हणून हा विषय घेतला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तर श्रम, भांडवल आणि अवजारे यांचे जमिनीशी प्रमाण काय यावरून ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा अवजारे अपुरी होती. आज प्रमाण दुसऱ्या बाजूनेही बिघडते. चार एकरवाल्याच्या दारात चाळीस अश्वशक्तीचे यंत्र उभे राहते आणि वर्षातले अकरा महिने उभेच असते.

हिशेब करून पाहू. दादासाहेब गायकवाड यांच्या नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू जमिनीची तरतूद आहे. तेवढीच धरू. पावसाळी सोयाबीन, ओल राहिली तर हरभरा. नांगरट, मोगडणी, रोटाव्हेटर, पेरण्या धरून एकरी सहा-सात तास, म्हणजे वर्षाला फार तर तीस तास. ट्रॅक्टरचा खर्च काढताना अभियंते वर्षाला १००० तासांचे काम धरतात! समजा, जुना ट्रॅक्टर दोन लाखांना पडला आणि व्याज दहा टक्के. नुसत्या व्याजाचेच तासाला साडेसहाशेच्या वर रुपये झाले. डिझेल, विमा, दुरुस्ती अजून बाकी. भाड्याचा ट्रॅक्टर डिझेल आणि ड्रायव्हरसकट येतो.

मग कोणी म्हणेल, भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येतो कुठे? हे खरे आहे. वाफसा दोन दिवसांचा असतो आणि आपल्या वस्तीच्या शेताचा नंबर शेवटी लागतो. हे दुखणे मी हलके मानत नाही. परंतु त्यावर एकट्याने कर्ज काढणे हा उपाय नव्हे. चार-पाच घरांनी मिळून पंधरा-वीस एकर जमवावे, वर गावात भाड्याचे काम मिळेल याची खात्री करावी आणि मग घ्यावा. कोणाचे शेत आधी, डिझेल कोणाचे, मोडला तर खर्च कसा वाटायचा, हे लिहून सह्या कराव्यात. भाऊबंदकी तोंडी कराराने सुरू होते.

पाहायला सकाळी जावे आणि आपला मिस्त्री बरोबर न्यावा. मालकाला आधीच सांगावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन कसे सुरू होते तेच तर पाहायचे असते. निळा धूर सुटत राहिला तर ऑइल जळते आहे, म्हणजे इंजिनचे काम निघणार. गार असताना रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहावे. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर तिथूनच घरी यावे. लिफ्टवर वजनदार अवजार उचलून इंजिन बंद करावे. ते लगेच खाली बसू लागले तर हायड्रॉलिकला खर्च आहे. तास दाखवणाऱ्या मीटरवर विसंबू नये, मीटर बदलता येते. क्लचचे पेडल आणि स्टिअरिंगमधला ढिलेपणा खरे वय सांगतात. मागच्या टायरांच्या जोडीचा भाव दुकानात आधी विचारून ठेवावा, किंमत ठरवताना तो कामी येतो. नव्या रंगाला तर मुळीच भुलू नये.

मेक कोणताही असो, सुटे भाग तालुक्याला मिळाले पाहिजेत. एच.एम.टी. स्वस्तात मिळतो, पण ट्रॅक्टरचा तो सरकारी कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्येच झाला, हे ध्यानात असावे.

अवजारांचे तसे नाही. पलटी नांगर, नऊ फणांचा मोगडा ही लोखंडाची कामे. वाकलेले, भेगाळलेले नसले तर जुने बिनधास्त घ्यावे. रोटाव्हेटरचा मात्र गिअरबॉक्स आणि बेअरिंग तपासावे.

आता कागद. विद्यार्थी मित्रहो, इथे तुमचे काम आहे, कारण घरात कागद वाचणारे तुम्हीच. एका गृहस्थांनी शंभराच्या बाँडवर लिहून घेऊन ट्रॅक्टर आणला. पैसे पूर्ण दिले. आरसी बुकावर कर्ज देणाऱ्या कंपनीचा बोजा होता, तो कोणी वाचलाच नाही. मूळ मालकाचे हप्ते थकले होते. ऐन पेरणीत वसुलीवाले आले आणि ट्रॅक्टर घेऊन गेले. बाँडचा कागद घरी राहिला.

म्हणून आरसी बुकावर बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओत आपले नाव लावावे. नाव न लावता वापरलेल्या वाहनाचा विमा वेळेला उपयोगी पडेलच असे नाही. विकणाऱ्यालाही सांगा, २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच ठेवली. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तीही पाहावी.

भाव करताना आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. नवा उतरला तर जुनाही उतरला पाहिजे.

आणि जुना घेण्यापूर्वी सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना विचारून घ्यावी. ती अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी आहे. २०१७ च्या शासन निर्णयात ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि अवजारे यांसाठी साडेतीन लाखांची मर्यादा धरून ९० टक्के अनुदान ठरले. म्हणजे गटाचे पस्तीस हजार. आजचे नियम जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात मिळतील. गट मात्र कागदावरचा नसावा.

ज्यांनी सातबारा किंवा आरसी बुकाची झेरॉक्स आणली असेल, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. बोजा कोणत्या रकान्यात असतो ते दाखवतो.