चाकरी सोडावी की सोडू नये?

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ चाकरी असे आपले वाडवडील म्हणत आले. पण मुलीसाठी स्थळ पाहायला निघालेला बाप पहिला प्रश्न काय विचारतो? मुलगा नोकरीला आहे ना? म्हण तोंडात राहिली आणि व्यवहार उलटा झाला. त्या बापाला दोष देण्यासारखे यात काही नाही. पाऊस दगा देतो, बाजारभाव दगा देतो; पहिली तारीख सहसा दगा देत नाही. ज्या घरात रोख पैसा कधी टिकला नाही, त्या घराला पगाराची किंमत कोणी शिकवायला नको.

आणि तरीदेखील हातची नोकरी मनाला डाचते आहे, अशी माणसे गावोगाव आहेत. कचेरीत कागद खरडणाऱ्या एखाद्याचा जीव गुराढोरांत अडकलेला असतो. वर्गात भूगोल शिकवणारे गुरुजी सुट्टी झाली की शेजाऱ्याचा पंप खोलून बसतात. मनातली गोष्ट ही माणसे घरी बोलत नाहीत. बोललीच तर, "सुखाचा जीव दुःखात कशाला घालतोस बाबा?" हे ठरलेले उत्तर मिळते. अशांसाठी आज मी एका मास्तराची हकिगत सांगणार आहे. त्यांचे नाव तुम्ही नांगरावर आणि पंपावर वाचलेले आहे: लक्ष्मणराव किर्लोस्कर. मात्र मला त्यांच्या कारखान्याच्या वैभवाविषयी बोलायचे नाही. कारखाना नव्हता, त्या दिवसांविषयी बोलायचे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना, चित्रे काढण्यात मात्र तहानभूक हरपायची. म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार व्हायचे हे स्वप्न. दोनेक वर्षांत कळून चुकले, की आपल्या डोळ्यांना काही रंगांतला भेद दिसतच नाही. गवयाला सुराचा कान नसावा तशातली गत! आता यावर दुसरा कोणी परत गावी गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढायला रंग लागत नाही, अचूक रेघ लागते. ती विद्या त्यांनी धरून ठेवली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे सहायक शिक्षक म्हणून ते नोकरीला लागले.

म्हणजे पाहा, ज्या कामासाठी आपण जन्मलो असे वाटते, ते काम पहिल्या खेपेला बरोबर ओळखता येतेच असे नाही. आमच्या शाळांतून मुलांना "तू कोण होणार?" असे विचारतात आणि मूल जे सांगेल ते टाळ्या वाजवून पक्के करून टाकतात. त्या ऐवजी, "तुला काय करताना वेळेचे भान राहत नाही?" असे विचारले तर अधिक बरे. असो.

नोकरी चालू असताना लक्ष्मणरावांनी एक जोडधंदा केला. मुंबईत तेव्हा सायकल हे नवे नवलाईचे वाहन होते. मुंबईत सायकली खरेदी करायच्या आणि बेळगावला वडीलबंधू रामुअण्णांकडे धाडायच्या, असा क्रम सुरू झाला. रामुअण्णा त्या विकत, आणि गिऱ्हाइकाला सायकलीवर बसायलाही शिकवत. शिकवणीचे पंधरा रुपये. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून धरतात, तो या सायकलींच्या दुकानामुळे. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. मन विटले. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

ही गोष्ट सांगताना राजीनाम्यापाशी लोकांना स्फुरण चढते. मला मात्र त्या आधीच्या वर्षांचे मोल जास्त वाटते. अपमानाच्या भरात राजीनामा कोणीही लिहील. राग आठ दिवसांत उतरतो, मग वाण्याची उधारी सुरू होते. लक्ष्मणराव बेळगावला आले ते चालत्या दुकानात आले, आणि तेथे पाठचा नव्हे तर थोरला भाऊ उभा होता. तुमच्या मनात असे काही असेल, तर पगार चालू असतानाच एकदा पाहून घ्या की तुमचे काम विकत घ्यायला परका माणूस खिशात हात घालतो का. नात्यातले लोक वाहवा करतात. ती मोजू नका. घरात किती महिन्यांचे धान्य आहे, कर्जाचा हप्ता किती, हा हिशेब बायकोसमोर बसून करा, कारण ओढाताण पहिल्यांदा चुलीपाशी जाणवते. आणि सरकारी नोकरीत असाल तर एक ध्यानात ठेवा. वर्तणुकीच्या नियमांप्रमाणे परवानगीवाचून खाजगी धंदा करता येत नाही. तेव्हा आधी नियम वाचा, लागेल तर रजा मागा. लपूनछपून काही करू नका.

बेळगावात सायकलींबरोबर कडबा कापायची यंत्रे तयार होऊ लागली, आणि १९०३ साली लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला. खरी परीक्षा येथे आहे. नांगर कोणी घेईना! लोखंड लागले तर जमिनीत विष भिनेल, रान नापीक होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

आज आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. हसू नये. ज्याचे एकच रान आहे आणि वर्षात पिकाचा हंगाम एकच आहे, त्याने ते रान कोणाच्या प्रयोगाला कसे द्यावे? लाकडी नांगर वरवर उकरतो, पण तो ठाऊक असतो. नोकरी सोडताना तुमचे पाय जसे अडतात, तसेच त्याचे अडत होते. भीती एकाच पोटाची. त्याचे मन वळले ते व्याख्यानाने नव्हे. शेजारच्या रानातली खोल उलथलेली ढेकळे पाहून आणि पुढे तेथले पीक पाहून वळले. तोवर नांगर करणाराला थांबावे लागले. एका दिवसात देता येतो तो राजीनामा. ती दोन वर्षे एकेक दिवस करूनच काढावी लागली.

बरे, येथे तरी संपले? नाही. बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली आणि बिऱ्हाड उचलण्याची पाळी आली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा देऊ केली आणि पैशाचीही मदत केली. जाता जाता सांगतो, याच औंधात पुढे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर येऊन राहिले. तेही जे. जे. स्कूलचे, नावाजलेले चित्रकार. उत्तम चाललेली चित्रकला बाजूला ठेवून वेदांच्या अभ्यासाला लागलेले! औंधला त्यांनी स्वाध्याय मंडळ चालवले, नंतर पारडीला नेले आणि १९६८ साली वयाची शंभरी ओलांडून गेले. त्यांना ना दुकान काढायचे होते ना कारखाना. तेव्हा धंदा म्हणजेच धाडस, असे कोणी समजू नये.

लक्ष्मणरावांना मिळालेली जागा कुंडल रोड स्टेशनाजवळची, खडकाळ माळ, निवडुंग माजलेला, सापांचे राज्य. साल १९१०. मास्तरांच्या वयाला चाळीस वर्षे झाली होती. रामुअण्णा बरोबर होतेच. बायकामुलेही त्या माळावर राहायला आली. त्यांनी काय सोसले असेल ते कारखान्यांच्या इतिहासात फारसे लिहिलेले सापडत नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते. निवडुंग तोडून शेड उभारल्या, भट्टी पेटली, नांगर होऊ लागले. मिरजेकडे जाणाऱ्या गाडीतून ते स्टेशन आजही लागते. पाटीवर आता कुंडल रोड नाही, किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.