जानेवारीतलं ओव्हरक्लॉकिंग मे महिन्यात टिकतं का?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: "ओव्हरक्लॉक केल्यावर प्रोसेसर किती तापलेला चालतो? 80? 90?" उत्तर देतो, पण आधी माझी फजिती सांगतो. कारण उत्तर त्यातच दडलंय.

माझ्याकडे इंटेलचा कोअर आय5-8600के आहे. सहा कोर. सहाही कोर एकदम राबतात तेव्हा कंपनीच्या सेटिंगवर तो 4.1 गिगाहर्ट्झने चालतो. एका जानेवारीत रात्रभर जागून मी त्याला 4.9 वर नेला. त्यासाठी व्होल्टेज 1.20 वरून 1.35 करावं लागलं. प्राइम95 तासभर चालवलं, तापमान 77 अंशांवर स्थिरावलं. या चिपची कमाल मर्यादा 100 अंश. म्हटलं, अजून 23 अंश शिल्लक आहेत! मित्रांना स्क्रीनशॉट पाठवले आणि झोपलो.

मग आला मे. अकोल्यातला मे! खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब. एका मित्राच्या बहिणीचं लग्न आदल्या दिवशी झालं होतं आणि संध्याकाळी रिसेप्शनला तिची फिल्म दाखवायची होती. ती मी बनवत होतो. दुपारी एक्स्पोर्टला लावली आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर तापमान 100, वेग खाली-वर होतोय, आणि थोड्या वेळात मशीन हँग. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हँग. रिसेप्शनला पडदा लावलेला होता, त्यावर नुसते फोटो फिरत राहिले. मित्र काही बोलला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

चुकलं कुठे? मी 77 हा आकडा पाहिला, खोलीचं तापमान पाहिलंच नाही. जानेवारीत त्या रात्री खोलीत 22 अंश होते. म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा 55 अंशांनी जास्त तापत होता. लक्षात ठेवायचा आकडा हा 55! हीटसिंक असो की पाण्याचा कूलर, तो उष्णता खोलीतल्या हवेतच टाकतो, त्यामुळे हा फरक साधारण तेवढाच राहतो. मे महिन्यात खोलीत 41. आता 41 अधिक 55 किती? 96. त्यात चिप जितकी गरम तितकी तिच्यातून वीज जास्त झिरपते, म्हणजे आणखी उष्णता. गाठलीच की शंभरी!

शंभरीला चिप लगेच जळत नाही बरं का. ती स्वतःच वेग कमी करते, याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. माझं मशीन हँग झालं त्याचं कारण वेगळं. थंडीत 4.9 ला जेमतेम पुरणारं व्होल्टेज गरम चिपला पुरेनासं झालं.

मग व्होल्टेज अजून वाढवायचं का? तिथेच खरा धोका आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. माझा वेग वाढला सुमारे 20 टक्के, उष्णता मात्र जवळजवळ दीडपट! शिवाय जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान एकत्र आलं की चिपमधल्या बारीक तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात. हे इलेक्ट्रोमायग्रेशन. ते दिसत नाही. काही वर्षांनी कळतं, जेव्हा जुनी सेटिंग अचानक टिकेनाशी होते. आणि ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही.

आता मर्यादेचं. प्रत्येक चिपची वेगळी असते, कंपनीच्या पानावर दिलेली असते. रायझन 5 5600एक्सची 95 अंश, रायझन 7 7800एक्स3डीची 89. रायझन 7000 मालिकेतल्या 7950एक्ससारख्या चिप्स तर भरपूर कामात मुद्दामच 95 पर्यंत जातात, ते एएमडीने तसंच ठरवलंय. तेव्हा शेजाऱ्याच्या मशीनचा आकडा आपल्याला लावू नका.

माझा स्वतःचा नियम असा: वर्षातल्या सगळ्यात गरम दुपारी, सगळ्यात जड काम चालू असताना, मर्यादेच्या 15 अंश खाली. हिवाळ्यात सेटिंग करत असाल तर खोलीचं तापमान मोजा, फरक काढा, आणि त्यात तुमच्या गावचा मे मिळवा. नागपूरचा मे वेगळा, महाबळेश्वरचा वेगळा.

मी शेवटी 4.6 गिगाहर्ट्झ आणि 1.25 व्होल्टवर आलो. वेग गेला फक्त 6 टक्के, उष्णता कमी झाली जवळपास 20 टक्के. पुढच्या मे महिन्यात त्याच खोलीत, त्याच प्राइम95 वर तापमान 85-86 च्या वर गेलं नाही.

आणि हो, खिडकीतल्या कूलरने खोली थंड होते, त्याचा फायदा प्रोसेसरलाही होतो. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. पाण्याचे तुषार आणि आतली धूळ मिळून चिखल होतो. हेही अनुभवाचेच बोल!

तुमच्या खोलीत आत्ता किती अंश आहेत आणि प्रोसेसर किती, दोन्ही आकडे कळवा. एक आकडा पाठवलात तर मी दुसरा विचारणारच. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पंख्याची धूळ पुसा!