स्वागताध्यक्षीय भाषण : इंदूरहून औंढ्याकडे



अहिल्यादेवींच्या इंदुरात आपणा सर्व विज्ञानप्रेमींचे मनःपूर्वक स्वागत! देवींनी जीर्णोद्धार केलेल्या मंदिरांत हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथही आहे. त्याच औंढ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्या जोडीने आमचे राजा रामण्णा केंद्रही या कामात आहे. जुने इंदूरकर त्याला अजून ‘कॅट’च म्हणतात.

या वेधशाळेत चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात असतात. लेसरचा झोत दुभागून दोन्हींत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परतवायचा आणि लांबीतला फरक टिपायचा. लहर आली तरी हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढाच! म्हणून बाहेरचे हादरे लागू नयेत अशा बेताने चाळीस किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले असतात. तरीही अमेरिकेत हॅनफर्डला एकदा नोंदींत भलतेच ठोके उमटू लागले. माग काढला, तर डोमकावळे थंड नळीवर साचलेल्या बर्फावर चोची मारत होते!

गोंगाटातून लहर निवडून काढण्याच्या गणितात आयुकाचे संजीव धुरंधर यांचा मोलाचा वाटा आहे. त्यांचा गौरव झाला, तो रास्तच. पण कावळ्यांचा माग काढणाऱ्यांचे, यंत्र सांभाळणाऱ्या-सुधारणाऱ्या तंत्रज्ञांचे काय? लायगोचे यश त्यांच्याही हातून आले. २००२ ते २०१० या काळात अमेरिकेतल्या लायगोला एकही लहर सापडली नव्हती. मग जुनी यंत्रणा काढून नवी बसवली आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी, सुधारलेले यंत्र सुरू होताहोताच, पहिली लहर हाती लागली. पुढेही काही महिने वेध आणि मग यंत्र थांबवून सुधारणा, हाच क्रम राहिला. प्रकाशातला क्वांटम गोंगाट दाबण्याची युक्ती २०१९च्या वेधांत आली, तीही अशीच.

औंढ्याचे यंत्रही अनेक वर्षे असेच सांभाळावे लागेल. त्यासाठी निर्वात पंपांचे जाणकार, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ लागतील. माळव्या-मराठवाड्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांची तयारी आतापासूनच व्हावी. या संमेलनाने त्याचा ठराव करावा, ही स्वागत समितीची आग्रहाची सूचना.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या; पोहे-जिलेबीत मात्र कसूर होणार नाही. अध्यक्षमहोदयांनी कामकाज सुरू करावे, ही विनंती.