जुन्या स्लॅबच्या खडीची तहान

पावससारख्या किनाऱ्यावरच्या गावात जुने घर पाडले की जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलांचे तुकडे, गिलावा आणि स्लॅबचे काँक्रीट यांचा एकच ढीग होतो. धड चिरे पुन्हा भिंतीला लागतात, बाकीचे वहाळात ओतले जाते आणि नव्या घरासाठी काळ्या दगडाची खडी डंपरने मागवली जाते. स्लॅबचे काँक्रीट वेगळे काढून, सळई सोडवून ते फोडले व चाळले की मिळणारी खडी भारतीय मानक ३८३ च्या २०१६ मधील आवृत्तीने मान्य केलेली आहे: सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ प्रतीपर्यंत २० टक्के, आणि एम-१५ हून हलक्या प्रतीच्या, पायाखाली अंथरायच्या थरात पूर्ण १०० टक्के.

मान्यता आहे, पण गवंडीकामात एक गोष्ट सर्रास विसरली जाते. या खडीला जुना सिमेंट-वाळूचा माल चिकटलेला असतो, तो सच्छिद्र असल्यामुळे ती नव्या दगडाच्या कितीतरी पट पाणी शोषते, आणि मानकही दहा टक्क्यांपर्यंतचे शोषण चालवून घेते ते खडी आधी भिजवण्याच्या अटीवरच. कांदेपोहे करणारी कोणतीही गृहिणी हे शास्त्र जाणते: पोहे कोरडे फोडणीत टाकले तर ते चिवट राहतात, पाण्यात बुडवून ठेवले तर त्यांचा गोळा होतो, म्हणून ते धुवून रोवळीत निथळत ठेवावे लागतात, पातळ पोह्यांना पाणी लवकर भिनते, तसे या खडीच्या बारीक चुऱ्यालाही. आतून भिजलेली पण वरून पाणी न गळणारी, अशीच खडी मिक्सरमध्ये पडली पाहिजे. कोरडी पडली तर ती सिमेंटचे पाणी पिते, माल घट्ट होतो, मग अंदाजाने आणखी एक बादली ओतली जाते, आणि सिमेंटच्या प्रमाणात पाणी वाढले की ताकद घटते. दोष मात्र बिचाऱ्या जुन्या खडीवर येतो.

जुन्या खडीप्रमाणेच काँक्रीटमध्ये वापरता येणारा दुसरा टाकाऊ घटक म्हणजे दगडी कोळशाच्या वीजकेंद्रातून निघणारी बारीक उडती राख. सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी तिचा संयोग होऊन काँक्रीट अधिक घट्ट बनते. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्ये ती मुळातच असते, परंतु अशा सिमेंटची ताकद सावकाश चढत असल्याने भारतीय मानक ४५६ प्रमाणे अशा कामाला किमान दहा दिवस, आणि कोरड्या, उष्ण हवेत चौदा दिवस पाणी मारावे लागते. तीन दिवसांनी गोणपाटे उचलणे हा निव्वळ आळस आहे.

किनाऱ्यावर आणखी एक सावधगिरी हवी. खाऱ्या वाऱ्याने सळया गंजून ज्या स्लॅबचे पापुद्रे सुटले, त्याच्या काँक्रीटमध्ये मीठ मुरलेले असते, म्हणून ती खडी नव्या सळईजवळ जाऊ देऊ नये. ती पाखाडीच्या किंवा गडग्याच्या पायात, जिथे लोखंडच नाही तिथे, वापरावी.

भाताच्या तुसाची राखही सिमेंटला जोड म्हणून चालते, पण चुलीतली नव्हे, कारण ज्वलन सुमारे ७०० अंशांखाली ताब्यात ठेवले तरच तिच्यातील सिलिका क्रियाशील राहते. तिचा सविस्तर विचार इथे मावणारा नाही. मात्र सिमेंटच्या जोडीला यांपैकी कोणतीही राख घेतली, तरी जुनी खडी आदल्या रात्री भिजवून निथळत ठेवणे चुकत नाही.