बाळाच्या घरापर्यंत जाणारी वाट
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरच्या सार्वजनिक इतिहासात डिसेंबर १९२० चे काँग्रेस अधिवेशन सर्वांना आठवते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२१ साली, याच शहरात कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोन परिचारिकांनी सुरू केलेले लहानसे प्रसूतिगृह मात्र फार थोड्यांच्या स्मरणात असते. तेच पुढे 'मातृसेवा संघ' या नावाने विदर्भभर ओळखले जाऊ लागले. कमलाताईंना लहान वयात वैधव्य आले होते. त्या काळी अशा स्त्रीने घराबाहेर पडून सुईणपणाचे शिक्षण घेणे, रात्री-अपरात्री परक्यांच्या घरी बाळंतपणाला जाणे, हे समाजाच्या नजरेत सहज बसणारे नव्हते. परंतु अंधाऱ्या खोलीत, अशिक्षित हातांनी होणाऱ्या बाळंतपणात आई आणि बाळ दोघेही दगावत होते आणि पडद्यातल्या स्त्रियांपर्यंत केवळ स्त्रीच पोहोचू शकत होती. यथावकाश संघाच्या शाखा नागपूरबाहेरही निघाल्या, परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, मतिमंद मुलांसाठी शाळा उभी राहिली आणि १९५८ मध्ये समाजकार्याचे महाविद्यालयही आले. १९६१ साली कमलाताईंना 'पद्मश्री' मिळाली. इमारती नंतर आल्या. आरंभी होती ती शिकलेली, विश्वासाची बाई. बालकल्याणासाठी द्रव्य खर्च करू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हाच क्रम पश्चिम किनाऱ्यावरही दिसतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा प्रारंभ ज्या ठिकाणी झाला, त्यांत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचे धारणी होते. एका शिक्षिकेच्या हट्टातून जन्मलेला शब्द आज देशभरातील शासकीय कागदपत्रांत वावरतो, ही मराठी मुलखाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. शब्द गेला तितकी त्यामागची माया सर्वत्र गेली काय, हा प्रश्न मात्र उरतो.

या विचाराची सर्वांत कठोर कसोटी पाहायला मिळाली ती गडचिरोलीत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तेथे नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. हजार जन्मांमागे सुमारे ६२ अर्भके पहिल्या महिन्यातच जात होती. रुग्णालय दूर, वाट बिकट. शिवाय ओली बाळंतीण आणि तिचे बाळ यांना घराबाहेर काढू नये ही रूढी. उपचार बाळाकडे जाणार नसेल तर बाळ उपचाराकडे येणे शक्यच नव्हते. म्हणून १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, मिनिटाला श्वास किती ते मोजणे, बाळ उबदार ठेवणे, अंगावरचे दूध नीट पाजले जाते की नाही हे पाहणे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच जेंटामायसीनचे इंजेक्शन देणे, इतके सारे या स्त्रिया शिकल्या. थोड्याशा शिक्षणाच्या बाईच्या हाती सुई द्यावी हे अनेकांना पचणारे नव्हते. पण आकडे बोलले. १९९७-९८ पर्यंत त्या गावांत हे प्रमाण हजारी सुमारे २५ वर आले, तर तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ते जवळपास ६० वरच राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

२०११ मध्ये केंद्र शासनाने ही पद्धत देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपविली. रुग्णालयात बाळंतपण झाले असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट द्यावयाची. या साऱ्या भेटींबद्दल तेव्हा ठरलेला मोबदला होता २५० रुपये! उत्सवाच्या एका मंडपावर होणारा खर्च आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अंगणवाडी सेविकेच्या वाट्यालाही वेतन नाही, 'मानधन' आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, एवढा काय तो दिलासा. बाळाच्या आयुष्यातील पहिल्या हजार दिवसांचे महत्त्व व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. ते दिवस जिच्या पायपिटीवर अवलंबून आहेत तिला मात्र अर्धपोटी राबवायचे, हे गणित जुळणारे नाही.

विश्वस्त संस्थांचे दान बहुधा वस्तूंच्या रूपाने जाते: वह्या, दप्तरे, बिस्किटांचे पुडे, नामफलक लावलेली खोली. त्यांचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? पण सहा महिन्यांच्या बाळाला वही नको असते. त्याला मऊ, घट्ट खिमट भरवणारे, वजनाची वाढ थांबली तर ओळखणारे आणि त्याच्याशी बोलणारे माणूस हवे असते.

नागपुरात ही गरज आज विशेष जाणवते ती बांधकामांवर राबणाऱ्या कुटुंबांत. छत्तीसगड, बालाघाटकडून आलेली आई सकाळी कामावर जाते ती संध्याकाळी परतते. अंगणवाडी दुपारीच बंद होते, आणि तीन वर्षांखालील मूल तर तेथे दिवसभर राहतच नाही. मग पाच-सहा वर्षांची थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते आणि दोघांचेही बालपण एकदमच खर्ची पडते. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती करणारी तरतूद २०१७ मध्ये कायद्यात आली. मुकादमाच्या हाताखालच्या रोजंदारी स्त्रीपर्यंत तिचा लाभ क्वचितच झिरपतो. २०२२ मध्ये 'मिशन शक्ती'अंतर्गत 'पाळणा' योजनेने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची वाट मोकळी केली आहे.

अशा पाळणाघराला फार मोठी वास्तू लागत नाही. कामाच्या जागेपासून चालत जाण्याइतकी जवळ अशी हवेशीर खोली, पिण्याचे स्वच्छ पाणी, दोन वेळचे ताजे अन्न, वजनकाटा, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा थांबणाऱ्या दोन प्रशिक्षित स्त्रिया. शहरातील कितीतरी न्यासांची सभागृहे लग्नसराई सोडता वारभर कुलूपबंद असतात, त्यामुळे खोलीचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी सुटलेलाच आहे. उरतो तो त्या दोघींच्या दरमहा पगाराचा. आणि तो एका वर्षापुरता नव्हे, किमान एका बाळाचे पहिले पाऊल पडून ते शाळेत जाईपर्यंतचा.