पांढरी मोटार आणि तिची झळाळी

नव्याचे नऊ दिवस ही म्हण पांढऱ्या मोटारीला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या वस्तूला पडत असेल. दसऱ्याच्या मुहूर्तावर मोटार घरीं येते. बॉनेटवर हळदीकुंकवाचें स्वस्तिक रेखलें जातें, चाकांखालीं लिंबें ठेवलीं जातात, झेंडूचा हार चढतो आणि मोटार दुधासारखी शुभ्र दिसते. दोन पावसाळे उलटले कीं तीच मोटार कळकट दिसूं लागते. मग घरांतील मंडळी बाजारांत मेणाच्या डब्या शोधूं लागतात, आणि दहा जण दहा सल्ले देतात.

कोल्हापुरांतील शाहूपुरी ही राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत १८९५ सालीं वसलेली व्यापारपेठ. गुळाचा व्यापार हें तिचें जुनें वैभव, आणि रेल्वे-स्थानक तिला लागूनच. ह्या पेठेंतील एका अडत्याच्या घरीं दोन मोटारी होत्या. थोरल्या बंधूंची जुनी, धाकट्यांची नवी, आणि दोन्ही पांढऱ्या. थोरल्यांचा नेम असा कीं, दर दिवाळीस मोटार गॅरेजांत नेऊन तिला ‘रबिंग’ करून घ्यावयाचें. त्या दिवशीं मोटार लखलखे आणि सारे कौतुक करीत. सहाव्या दिवाळीस बॉनेटच्या कडेला एक करडा पट्टा दिसूं लागला. थोरल्यांनीं तो फडक्यानें पुसला, साबणानें धुतला, पट्टा हलेना. अखेर धाकटे म्हणाले, “दादा, हा डाग नव्हे. इथला रंगच संपला आहे.”

हें कसें झालें हें समजण्यासाठीं रंगाचे थर ध्यानीं घेतले पाहिजेत. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा लेप, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि बहुतेक आधुनिक मोटारींवर सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. हा थर साधारणपणें ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मनुष्याच्या केसाहूनहि बहुधा पातळ. रबिंगचा लेप हा वस्तुतः अतिसूक्ष्म कानस होय. तो ओरखडे भरून काढीत नाहीं. ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग झिजवून सपाटी आणतो. म्हणून ती झळाळी मुद्दल मोडून खाल्ल्यासारखी असते, आणि तें मुद्दल पुन्हा भरून येत नाहीं. कडांवर थर आधींच पातळ असल्यामुळें झीज तेथें प्रथम उघडी पडते. कांहीं साध्या पांढऱ्या मोटारींवर पारदर्शक थर मुळींच नसतो. कोपऱ्यांत पॉलिशचें फडकें हलकेंच घासून पाहावें. त्यावर पांढरें उतरलें तर रंग उघडा आहे असें समजावें आणि अशा मोटारीला अधिकच जपावें. आपल्याकडील कारागीर मोटारीच्या रंगास अजूनहि ‘ड्युको’ म्हणतात. तें नांव १९२०-३० च्या दशकांतील एका अमेरिकन रंगाचें; ती जात गेली, नांव मात्र राहिलें, आणि घासून चमक आणण्याची त्या काळची संवयहि राहिली.

दुसरा प्रश्न असा कीं, तेंच मेण काळ्या मोटारीवर आरशासारखें दिसतें आणि पांढरीवर त्याचा फरक जाणवत नाहीं, तो कां? सपाट रंगावर समोरून पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं सुमारें ४ भाग वरच्या पृष्ठावरून आरशासारखे परततात. काळा रंग उरलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकतो, म्हणून ते ४ भाग उठून दिसतात. पांढऱ्या रंगांत टायटॅनियम डायॉक्साइडचे सूक्ष्म कण असतात. ते आंत शिरलेला बहुतेक प्रकाश चोहोंकडे उधळून परत पाठवितात, आणि त्या झोतांत पृष्ठावरील प्रतिबिंब बुडून जातें. दिवसा चंद्र फिका दिसतो, तशीच ही गोष्ट. ह्यावरून खरेदीचा नियम निघतो. पांढऱ्या मोटारीचें मेण चमकेसाठीं निवडूं नये. तें किती स्वच्छ व पारदर्शक आहे, आणि मळ रंगाला किती काळ चिकटूं देत नाहीं, हें पाहून निवडावें.

बाजारांत मुख्यतः तीन जातींचे लेप मिळतात. पहिली जात नैसर्गिक मेणांची. त्यांत कार्नोबा श्रेष्ठ. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवर हें मेण येतें. पानांतील पाणी उडून जाऊं नये म्हणून झाडानेंच केलेली ती तजवीज होय. मधमाशीचें मेण सुमारें ६२ ते ६४ अंशांवर वितळतें, तर कार्नोबा ८२ ते ८६ अंशांवर. म्हणून तें अधिक कणखर. तरी तें फार टिकत नाहीं; कांहीं आठवडे, फार तर दोन-तीन महिने. दुसरी जात कृत्रिम पॉलिमर लेपांची, ज्यांस दुकानदार ‘सीलंट’ म्हणतात. हे लेप स्वच्छ, रंगहीन, आणि साधारणपणें चार ते सहा महिने टिकणारे. तिसरी जात ‘सिरॅमिक’ लेपांची. त्यांत सिलिकेचें कवच रंगावर घट्ट धरतें आणि नीट लावल्यास वर्षाहून अधिक काळ राहतें. परंतु तें चुकलें तर धुऊन निघत नाहीं, घासूनच काढावें लागतें. आणि खडीचा मार किंवा खोल ओरखडा तें रोखीत नाहीं. ‘टेफ्लॉन’ ह्या नांवास मात्र भुलूं नये. तो पदार्थ ३२७ अंशांस वितळतो, आणि तव्यावर बसविण्यास तितकी प्रखर उष्णता लागते. थंड पॉलिशमध्यें कालवून मोटारीवर चोळल्यानें तो तसा बसत नाहीं.

आतां निवडीचा विचार. शुद्ध पांढऱ्या रंगास रंगहीन सीलंट उत्तम. पिवळसर छटेच्या मेणाचे जाड थर टाळावेत. रुपेरी रंगांत ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात आणि तिची शोभा त्या चकत्यांच्या लकाकण्यांत आहे. ओरखडे दडविणारे तेलकट लेप तिजवर धुक्यासारखे बसतात, तेव्हां तेथेंहि सीलंटच घ्यावें. मलईच्या किंवा वाळूच्या रंगास कार्नोबाची ऊब शोभून दिसते. दोन्ही लावावयाचीं असतील तर प्रथम सीलंट, तें सुकल्यावर मेण. मेणावर सीलंट लावलें तर त्याला रंगाचा आधारच मिळत नाहीं.

मात्र लेपाहून लेपापूर्वींची सफाई महत्त्वाची, आणि कोल्हापुरांत तर विशेषच. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगांव येथें ओतकामाचे कारखाने आहेत. ग्राइंडरखालीं उडालेले आणि रेल्वेच्या ब्रेकमधून झडलेले लोखंडाचे कण रंगांत रुततात व पावसाळ्यांत गंजून तांबूस ठिपके होतात. काळ्या मोटारीवरहि ते असतात, पण दिसत नाहींत. पुष्कळांना वाटतें कीं पत्राच गंजला, आणि ते रबिंगकडे धांवतात. वास्तविक लोखंड विरघळविणारें द्रावण फवारलें कीं ठिपके जांभळे होऊन वाहून जातात. उरलेले कण साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या क्लेच्या गोळ्यानें अलगद निघतात. गळिताच्या हंगामांत धुराड्यांतून उडणारी काजळी आणि चैत्रांत जोतिबाच्या डोंगरावरून उतरतांना बसलेला गुलाल कोरड्या फडक्यानें कधींहि पुसूं नये. भरपूर वाहत्या पाण्यानें आधीं धुवावा. पूजेच्या हळदीचा पिवळा डाग धुऊन राहिलाच, तर चार दिवसांचें ऊन तो फिका करतें. त्यासाठीं घासाघीस नको. बोअरचें पाणी अंगावर वाळूं दिलें तर क्षारांचीं वर्तुळें उमटतात, म्हणून धुतल्यावर लगेच टिपून घ्यावें.

रंग खरोखर स्वच्छ झाला कीं नाहीं, ह्याची एक सोपी परीक्षा आहे. धुतलेल्या बॉनेटवर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवींत घालून फिरवावा. खरखर लागली तर कण अजून रुतलेले आहेत. हात कांचेवरून जावा तसा घसरला, मगच लेप लावावा. मोटार सावलींत आणि पत्रा गार असावा. लेप इतका पातळ द्यावा कीं लावला आहे कीं नाहीं असा संशय यावा. जाड थरानें फक्त पुसण्याचे श्रम वाढतात. काळ्या रबरापासून व प्लास्टिकपासून हात राखावा. तेथें मेणाचे पांढरे ओघळ फार दिवस दिसतात. पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि दिवाळीच्या सुमारास एकदां, इतका नेम बहुतेक घरांस पुरे. लेप असला तरी पक्ष्यांची घाण त्याच दिवशीं काढावी. लेप वेळ मिळवून देतो, अभय देत नाहीं.

शाहूपुरींतील त्या घरीं धाकट्या बंधूंनीं नव्या मोटारीसाठीं सिरॅमिक लेपाची चौकशी केली होती. पुढें त्यांनीं तो बेत सोडला आणि सीलंटची एक साधी बाटली आणली. थोरल्यांनीं बॉनेटचा उघडा पडलेला भाग रंगवून घेतला. नवा व जुना पांढरा तंतोतंत जुळला नाहीं, आणि उन्हांत पाहिलें तर तो फरक आजहि दिसतो. त्या वर्षींच्या दिवाळीस मोटार गॅरेजांत गेली नाहीं. नरकचतुर्दशीच्या सकाळीं दोघे बंधू अंगणांत बादल्या घेऊन उभे होते आणि धाकट्यांचा मुलगा प्लास्टिकच्या पिशवींत हात घालून दोन्ही बॉनेट तपासीत होता. थोरल्यांनीं फडकें हातीं घेतलें आणि संवयीनें जोर लावला. मुलगा म्हणाला, “थोरले काका, हळू. हा रंग पुन्हा यायचा नाही.” त्यांनीं हात सैल सोडला.