परदेशी नोकरीचा अर्ज



या व्याख्यानमालेत मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे कारखान्याच्या दारावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा शास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र गेली पंचवीस-तीस वर्षे संघटनेच्या कचेरीत बसून कामगारांचे अर्ज लिहिण्याचे काम आम्ही करीत आलो आहोत. पूर्वी हे अर्ज रजेचे, बढतीचे, ग्रॅच्युइटीचे असत. अलीकडे तरुण मुले येतात ती परदेशच्या नोकरीचा अर्ज घेऊन. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून ही ये-जा अधिकच वाढली. सगळ्यांची तक्रार एकच : "शंभर ठिकाणी अर्ज धाडला, एकाचेही उत्तर नाही." असे का होते, याचा विचार आज आपण करू.

पहिली गोष्ट अशी की, आपल्याकडे नोकरीचा बायोडाटा आणि लग्नाचा बायोडाटा यांत फारसा फरक राहिलेला नाही. वडिलांचे नाव, धर्म, जात, उंची, विवाहित की अविवाहित, छंद वाचन व क्रिकेट. आणि कामाविषयी शेवटी दोन ओळी! परदेशचा मालक मुलगी देणार नाही, काम देणार आहे. इंग्लंड-अमेरिकेत अर्जावर छायाचित्र लावूच नये असा रिवाज आहे. जर्मनीत ते लावण्याची जुनी चाल आहे. पण २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तेथेही मालक त्याचा आग्रह धरू शकत नाही. म्हणून ज्या देशात अर्ज करायचा तेथील रीत आधी विचारावी. युरोपसाठी 'युरोपास' नावाचा नमुना युरोपीय संघाने विनामूल्य ठेवला आहे. तो भरायला कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट. अर्ज वाचणाऱ्याला आपले जग ठाऊक नसते. 'आयटीआय पास' या दोन शब्दांत आपल्याला सारे कळते, स्टुटगार्टच्या माणसाला काहीच कळत नाही. तेथे व्यवसाय-शिक्षण साधारणतः दोन ते साडेतीन वर्षांचे असते, आणि परक्या कारागिराचे शिक्षणही सरकारमान्य व किमान दोन वर्षांचे आहे काय, हे पाहिले जाते. १ जून २०२४ पासून जर्मनीने नोकरी शोधण्यासाठी येणाऱ्यांना जे 'संधिपत्र' देणे सुरू केले, त्यालाही मूळ अट हीच आहे. शिवाय थोडी जर्मन किंवा चांगली इंग्रजी यावी लागते. आपल्याकडे फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा आहे. म्हणजे फिटरने 'सरकारमान्य, दोन वर्षांचे प्रशिक्षण' हे शब्द पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिले पाहिजेत. वेल्डरच्या मुलाने मात्र पैसे खर्च करण्यापूर्वी ही अडचण समजून घ्यावी; त्याचा मार्ग कदाचित दुसऱ्या देशाकडे जात असेल.

कामाचेही तसेच. 'वेल्डिंगचा दांडगा अनुभव' हे वाक्य निरुपयोगी आहे. आर्क की टिग? पत्रा की पाइप? लोखंड की स्टेनलेस? तिरपा, न फिरणारा पाइप जोडण्याची सिक्स-जी चाचणी दिली आहे काय? टर्नरने यंत्र कोणते, नकाशा स्वतः वाचतो का, किती मायक्रॉनपर्यंत माप राखतो, हे लिहावे. यांतील एकेक शब्द दहा विशेषणांपेक्षा जड आहे. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो, आणि तो जाहिरातीतील शब्द अर्जात शोधतो. म्हणून जाहिरातीने जो शब्द वापरला तोच, खरा असेल तर, आपणही वापरावा. चौकटी, नक्षी, रंग यांनी संगणक फक्त गोंधळतो.

नाव पासपोर्टावर असेल त्याच अक्षरांनी लिहावे. दाखल्यावर एक आणि पासपोर्टावर एक, असे झाले की संशय येतो. तारखांत भोके ठेवू नयेत. कारखाना बंद पडला, आई आजारी होती, दोन वर्षे शेती केली, यात लाजण्यासारखे काही नाही. तसे एका ओळीत लिहावे. लपवलेली दोन वर्षे वाचणाऱ्याला आधी दिसतात.

आणि खोटे लिहू नये. हा उपदेश आम्ही नीतीसाठी करीत नाही, व्यवहारासाठी करतो. दलाल अर्जात पाच वर्षांचा अनुभव घालून देतो. पुढे ट्रेड-टेस्टच्या वेळी मुलाच्या हातात टॉर्च येते तेव्हा दलाल तेथे नसतो. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदलेल्या दलालालाच कामगार भरती करता येते, आणि कामगाराकडून त्याने ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच घ्यायचे असतात. त्याची नोंदणी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येते. जो लाखांची भाषा करतो व पावती देत नाही, त्याला कायद्याची भाषा ऐकवावी.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही मुख्यतः उभे आहोत ती. तीन वर्षांपूर्वी एक फिटर आमच्या कचेरीत आला. हात असा की बेअरिंगच्या आवाजावरून दोष सांगावा. त्याचा अर्ज आम्ही वर सांगितल्याप्रमाणे नीट लिहिला, आणि प्रथमच परदेशातून उत्तर आले : अनुभवाचे दाखले पाठवा. तो म्हणाला, "भाऊ, अकरा वर्षं एकाच शेडमध्ये पान्हा चालवला, पण कागदावर मी कुठंच नाही." शेड एकच होती, पण कंत्राटदार चार बदलले होते. एकानेही दाखला दिला नव्हता. जर्मनीत नोकरी सोडताना कामाचे प्रमाणपत्र मागणे हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. त्यामुळे दाखला नाही ही गोष्टच तेथील मालकाला समजेना. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक काढले, तर दोघा कंत्राटदारांनीच पैसे भरलेले निघाले. अकरा वर्षांपैकी पाचच सिद्ध झाली. ती नोकरी गेली.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण त्या शेडमध्ये बोनससाठी आम्हीच लढलो होतो, आणि जिंकलोही होतो. पण दाखल्याची मागणी आमच्या मागणीपत्रात एकदाही नव्हती. १९७१ च्या केंद्रीय कंत्राटी कामगार नियमांत काम संपताच कंत्राटदाराने सेवा-प्रमाणपत्र द्यावे असे छापलेले होते. ते आम्ही वाचले होते. क्षुल्लक कागद म्हणून सोडून दिले होते. ही चूक मालकाची तर होतीच, पण आमचीही होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्या इतर कलमांशी आमचे भांडण आहे, ते येथे काढीत नाही. पण कामाच्या सुरक्षिततेविषयीच्या संहितेत एक कलम आहे : कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास, केलेल्या कामाचा तपशील असलेला अनुभवाचा दाखला कंत्राटदाराने द्यावा. यातील 'मागणी केल्यास' हे दोन शब्द लक्षात ठेवा. न मागणाऱ्याला काही मिळणार नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. परदेशी जायचे असो वा नसो, प्रत्येक कंत्राट संपताना दाखला लेखी मागा. त्यावर हुद्दा, तारखा आणि प्रत्यक्ष केलेले काम लिहून घ्या. दर सहा महिन्यांनी निधीचे पासबुक पाहा. घरात सोन्याच्या पावत्या ज्या डब्यात ठेवता, त्याच डब्यात हे कागद ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज, या सभेतील शिक्षकांनी व कारकुनांनी आठवड्यातून एक तास काढून लिहून द्यावा. आमची कचेरी त्यासाठी उघडी आहे. तो फिटर आता दर रविवारी तेथे बसून दुसऱ्यांचे दाखले तपासतो.